पीरसाबनं मान हलवली

मित्रांनो, सुरुवातीलाच एक सांगून टाकते. मी बुलेट नाही. सोलापुरात मला बघून निम्मे लोक "जुनी बुलेट दिसतीया" म्हणतात आणि पुढं जातात. मी जुनी आहे हे खरं, मोटारसायकल आहे हेही खरं. पण माझा जन्म इटलीतला, एका तळ्याकाठच्या कारखान्यातला. बुलेटचं इंजिन उभं असतं, माझं आडवं आहे. माझ्या डाव्या कुशीला थाळीएवढं लोखंडी चाक उघड्यावर फिरतं. एवढा फरकही लोकांच्या डोळ्यांना दिसत नसेल तर त्याला मी काय करणार?

इथल्या एका गिरणीत नवी यंत्रं बसवायला इटलीहून एक फिटर आला होता. त्यानं मला बोटीतून बरोबर आणलं. काम संपलं, तो परत गेला, मी इथंच राहिले. जाताना त्यानं माझ्या टाकीवर हात ठेवला आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. ती भाषा मी पुन्हा कधी ऐकली नाही. मला घेतलं ते गिरणीला कापसाच्या गाठी पोचवणाऱ्या एका लॉरीमालकानं. त्यांचा मुलगा तेव्हा चड्डीत होता आणि माझ्या टाकीवर बसून तोंडानं भुर्रभुर्र करायचा. तेच पुढं माझे मालक झाले, बापूसाहेब. आता त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत, टेंभुर्णीला हायवेवर त्यांचं मोठं हॉटेल आहे, म्हणून मीही त्यांना अहो-जाहो करते.

पण माझी गोष्ट बापूसाहेबांची नाही. ती पीरसाबची आहे.

पीरसाब माझा मिस्त्री. सात रस्ता चौकाच्या मागच्या बोळात त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक लिंबाचं झाड आणि खाली तेलानं काळी झालेली जमीन. तो पहिल्यांदा माझ्याजवळ आला तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. इतर मिस्त्री मला बघून पाने शोधायला लागायचे. पीरसाबनं आधी मला चालू केलं, लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक माझ्या इंजिनावर टेकवलं आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली. डोळे मिटून तो बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला.

आम्हा गाड्यांना तोंड नसतं, मित्रांनो. आम्ही आवाजानं बोलतो. टॅपेट ढिले झाले की टिकटिक करतो, चेन सैल झाली की खळखळतो, आणि पोटात खोल कुठं दुखायला लागलं की ठोकायला लागतो. हे सगळ्यांना ऐकू जातं, पण कळतं फार थोड्यांना. पीरसाबला कळायचं. परक्या मुलखात इतकी वर्षं काढल्यावर कुणीतरी माझी भाषा जाणणारा भेटला होता. तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत.

एका उन्हाळ्यात मी खोड काढली. चार-पाच मैल गेलं की बंद पडायची, थोडं थांबलं की पुन्हा चालू व्हायची. बापूसाहेबांनी गावातले सगळे मिस्त्री पालथे घातले. कुणी प्लग बदलला, कुणी पॉइंट घासले, कुणी कार्बोरेटर खोलून फुंकर मारली. शेवटी मला पीरसाबकडं आणलं. त्याचा क्रम ठरलेला होता: आधी पेट्रोल, मग करंट, मग हवा. पेट्रोल येत होतं, करंटची ठिणगीही निळी होती. मग त्यानं टाकीचं झाकण हळूच फिरवलं आणि कान जवळ नेला. आत "हुश्श" असा बारीक आवाज झाला.

"मालक, गाडीला दम लागलाय," तो हसत म्हणाला. "झाकनाच्या भोकातनं हवा आत जाईना. हवा न्हाई तर पेट्रोल खाली उतरनार कसं?"

झाकणाच्या त्या बारीक भोकात कुंकू भरलं होतं. दर खंडेनवमीला माझी पूजा व्हायची आणि कुंकवाचं बोट नेमकं तिथं टेकायचं. पीरसाबनं टाचणीनं भोक मोकळं केलं आणि मालकांना बजावलं, "पूजा करा, कोन नको म्हनतंय? पन तेवढी जागा सोडून करा की." बापूसाहेबांनी मान डोलावली आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच कुंकू लावलं. मग दर दसऱ्यानंतर टाचणी घेऊन माझ्या झाकणापाशी येणं हा पीरसाबचाही रिवाजच होऊन गेला.

अशी कितीतरी वर्षं गेली. माझे भाग कुठं मिळत नसत, तो ते लेथवर बनवून घ्यायचा. पावसाळ्याआधी मॅग्नेटो उघडून उन्हात ठेवायचा, कारण दमट हवेत माझा करंट मंदावतो. आणि तेलाच्या बाबतीत तर तो फार कडक. सुटं तेल मिळायचं त्या काळापासून तेल गाळून घ्यायची त्याला सवय. गाळायला कापड एकच, धुऊन धुऊन मऊ झालेली त्याची जुनी लुंगी. आमचं सोलापूर चादरी-टॉवेलांचं गाव, मागावरच्या सुताच्या गुंत्याची पोती इथं मातीमोलानं मिळतात आणि सगळी गॅरेजं त्यानंच हात पुसतात. पीरसाबही पुसायचा. पण इंजिनाच्या आत सुताचा धागा जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा नेम होता.

मग त्याचे कान जायला लागले.

हे एका दिवसात झालं नाही. कॉम्प्रेसरशेजारी, घणाशेजारी जन्म गेला होता. त्यात अलीकडं फटाके फोडणारे सायलेन्सर बसवून घ्यायला पोरं रांगा लावायची. मला सगळ्यांच्या आधी कळलं. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून तो पूर्वीसारखाच डोळे मिटायचा, पण आता त्याच्या कपाळावर आठी पडायची. मग तो गुपचूप डावा तळवा माझ्या टाकीवर ठेवायचा. कानाला जे कळत नव्हतं ते तो हातानं चाचपायचा. हातानं त्यानं बरीच वर्षं निभावून नेलं, इतकं की कुणाला पत्ता लागला नाही.

फक्त त्याच्या मुलीला लागला. महेजबीन उर्दू शाळेत शिकवायची आणि दुपारी डबा घेऊन यायची. एके दिवशी ती बापासमोर येऊन उभीच राहिली.

"अब्बा, आप सिरफ गर्दन हिलाते. मैं अब्बी क्या बोली, बोलो देखो."

पीरसाबनं मान हलवली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती जवळ गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "कान के डॉक्टर के पास चलो बोली मैं."

तो गॅरेजबाहेर कुणी आहे का ते बघून हळूच म्हणाला, "नक्को बेटा. कान में मशीन लगाया तो मेरेकू गाडी कौन देता? मिस्त्री का कान गया तो मिस्त्री गया."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं ठरवलं होतं. गिऱ्हाईक काही बोललं की तो हसायचा आणि मान हलवायचा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागायचं.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जातं.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. बापूसाहेबांची नात ऋतुजा, तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. तिनं हट्ट धरला होता की कार्यालयात जायचं ते आजोबांच्या मागं, माझ्यावर बसूनच. त्यामुळं त्या वर्षी पीरसाबच्या गॅरेजात माझी पूजा दणक्यात झाली. आमच्याकडं कुणाचा मान करायचा तर टॉवेल-टोपी देतात. बापूसाहेबांनी नारळ फोडला, पीरसाबला टॉवेल-टोपी दिली आणि हौसेनं माझ्याही हँडलवर एक टोपी घातली. टाकीवर एक नवाकोरा गुलाबी टर्किश टॉवेल पांघरला. मी शरमले आणि सुखावलेही. म्हातारपणी असं कोण करतं?

पूजेनंतर वर्षाचं नवं तेल मालकांनी स्वतःच्या हातानं ओतायचं, हा आमचा रिवाज. पीरसाब माझ्या पलीकडच्या बाजूला बसून प्लग आवळत होता. रस्त्यावर मंडळाचे स्पीकर कानठळ्या बसवत होते. त्याची लुंगी खुंटीवर होती, ती बापूसाहेबांना दिसली नाही. त्यांनी माझ्यावरचा गुलाबी टॉवेल उचलला आणि ओरडून विचारलं, "पीरसाब, ह्या टॉवेलातनं गाळू का वो? मानाचा हाय, नवा हाय!"

पीरसाबनं वर पाहिलं. मालकांचा हसरा चेहरा त्याला दिसला.

त्यानं मान हलवली.

नव्या टॉवेलाला किती तंतू सुटतात हे सोलापुरात वेगळं सांगायला नको. तो जाड, तेल झिरपायला वेळ लागला, म्हणून बापूसाहेबांनी तो नरसाळ्यावर धरून दोन्ही हातांनी पिळला. ऋतुजा मोबाईलवर चित्रण करत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेलाबरोबर ते गुलाबी तंतू माझ्या पोटात उतरत होते आणि मला ओरडता येत नव्हतं, कारण तेव्हा मी बंद होते.

पुढं दिवाळी गेली. अधूनमधून मला बाहेर काढायचे. तंतू हळूहळू तेलाच्या जाळीवर जाऊन बसले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं तुम्ही म्हणता. माझं उलटं झालं होतं. आड भरलेला होता, पोहराच रिकामा येत होता. तेलाच्या टाकीत तेल काठोकाठ, आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग मात्र कोरडं पडायला लागलं. मी ठोकायला सुरुवात केली. आधी हळू, चढावर तेवढी. मग सपाटीवरही.

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा बापूसाहेब मला घेऊन गॅरेजमध्ये आले. माझं इंजिन चालूच होतं. ते पीरसाबच्या तोंडासमोर येऊन म्हणाले, "ठक-ठक असा आवाज येतोय का बघा वो जरा."

पीरसाबला "आवाज" एवढं त्यांच्या ओठांवरून कळलं. त्यानं स्क्रू ड्रायव्हर आणला, टोक माझ्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली. मी जीव तोडून सांगत होते, पीरसाब, पोटात दुखतंय, जाळी काढून बघ. इतकी वर्षं एवढ्याशा टिकटिकीवर तो धावून आला होता. आता मी ठोकत होते आणि त्याचा चेहरा कोरा होता. त्यानं तळवा टाकीवर ठेवला. हात थरथरत होता, त्यात माझी थरथर त्याला कुठून कळणार? त्याच्या डोळ्यांत भीती दिसली. ती मालकांना दिसली नाही, कारण त्यांचा त्याच्यावर विश्वास होता आणि ते रस्त्याकडं बघत होते.

"टॅपेट हायेत, मालक," तो म्हणाला. "जुन्या गाडीला असतंय तेवढं."

"मग काय घोर न्हाई," बापूसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा निर्धास्तपणा होता की तो पीरसाबला ऐकू आला नाही हेच बरं झालं.

पण पीरसाबला घोर होता. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तो स्वतः मालकांच्या सोलापुरातल्या वाड्यावर आला, "एकदा चालवून बघतो" म्हणाला आणि मला होटगी रोडला घेऊन निघाला. उद्या ज्या जागेवर ती पोरगी बसणार होती ती मागची सीट त्यानं निघताना हातानं पुसली. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय असं त्याचं मन त्याला सांगत असावं. नाहीतर तो आलाच नसता.

गाव मागं पडलं. मी आता ठोकत नव्हते, किंचाळत होते. रस्त्याच्या कडेला एक धनगर मेंढरं चारत होता. येडू त्याचं नाव, ते नंतर कळलं. त्यानं लांबूनच माझा आवाज ऐकला, काठी वर केली आणि हाका मारायला लागला. "ओ मिस्त्री, थांबा! गाडी लई वरडतीया!"

पीरसाबनं त्याच्याकडं पाहिलं. कुणी ओळखीचा नमस्कार करतोय असं त्याला वाटलं असेल. तो हसला आणि त्यानं मान हलवली.

शंभर पावलं पुढं गेल्यावर माझं बेअरिंग वितळून चिकटलं. इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि आम्ही दोघं मुरमावर घसरत गेलो. माझ्या अंगाखाली त्याचा उजवा हात सापडला. येडू पळत आला, त्यानं मला उचलून बाजूला केलं आणि पीरसाबला बसतं केलं. तो काहीतरी बोलत होता. पीरसाब त्याच्या ओठांकडं बघत राहिला. मान हलवायला म्हणून त्यानं ती जराशी उचलली आणि मधेच थांबवली.

"काय म्हनला?" त्यानं विचारलं. "मला ऐकू येत न्हाई."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तेही एका अनोळखी माणसापाशी.

येडू त्याच्या कानाशी वाकला. "म्हनलं, लई लांबनं ऐकू येत हुतं गाडीचं वरडनं. माझी मेंढरंसुदिक बुजली. हाका मारल्या तुमाला. तुमी मान हलवून गेला की!"

पीरसाब तिथंच धुळीत बसून रडला. हात मोडला होता, पण तो हातासाठी रडत नव्हता हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा मोटारीतून कार्यालयात गेली. दोन दिवसांनी पीरसाबनं, उजवा हात प्लॅस्टरमध्ये असताना, डाव्या हातानं माझं इंजिन खोललं. महेजबीन पाने हातात देत होती. जाळी बाहेर काढली तर तिच्यावर गुलाबी बुरशी चढावी तसा थर. त्यानं तो बोटांनी सोडवून कागदावर ठेवला. बापूसाहेब आले, त्यांनी तो रंग पाहिला आणि ते स्टुलावर बसले.

"मी इचारलं होतं तुमाला," ते म्हणाले. "तुमी व्हय म्हनला."

ओठ वाचून पीरसाब म्हणाला, "मान हलवली, मालक. काय इचारलं ते ऐकलंच न्हवतं."

"आनि आवाज येतोय म्हनलो, तवा?"

"तवाबी न्हाई. खोटं बोललो."

बापूसाहेब कागदावरच्या त्या गुलाबी थराकडं वाकले. मग इतक्या हळू बोलले की फक्त मी आणि महेजबीननं ऐकलं. "आवो, मला सांगायचं की. मी काय गाडी दुसरीकडं नेली असती व्हय?" आणि थोड्या वेळानं, आणखी हळू, "माझी नात बसनार हुती हिच्यावर."

ते उठून गेले. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, भांडण मिटतं तरी. दोघांनाही एकमेकांकडं बघायची लाज वाटायला लागली, आणि लाजेला औषध नसतं. बापूसाहेब पुन्हा गॅरेजवर आले नाहीत. माझ्या इंजिनातला मुख्य दांडाच कामातून गेला होता, तो कुठं मिळेना, आणि ज्या हातांनी तो घडवून घेतला असता त्यांनी ते काम पुन्हा धरलं नाही. काही दिवसांनी बापूसाहेबांनी एक टेम्पो पाठवला. पीरसाबनं गॅरेज बंद केलं.

आता मी टेंभुर्णीला, हॉटेलच्या दारात, एका चौथऱ्यावर उभी असते. मला चकचकीत रंग दिलाय. इंजिनाला बाहेरून चांदीसारखा मुलामा आहे, आतून ते पोकळ आहे. येणारे-जाणारे माझ्यावर बसून फोटो काढतात, पोरं सीटवर सॉस सांडतात. "जुनी बुलेट" म्हणतात. आता मी त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

परवा दसरा झाल्यावर एका दुपारी एसटीतून दोघं उतरली. महेजबीन पुढं, तिच्या मागं पीरसाब. फार वाळला होता. त्याच्या कानामागं एक लहानसं यंत्र होतं. तो सरळ माझ्यासमोर आला. मग पिशवीतून त्यानं तो लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक माझ्या इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. यंत्रानं शिट्टी मारली. त्यानं मूठ जरा मागं, कानामागच्या हाडाशी सरकवली आणि डोळे मिटले.

आत एक वेटर दुसऱ्याला अगदी हळू म्हणाला, "बंद गाडीत काय ऐकतंय रं म्हातारं?"

पीरसाबनं झटकन डोळे उघडून तिकडं पाहिलं. त्याला ऐकू आलं होतं. एवढं हळू बोललेलं, एवढ्या लांबचं.

तो पुन्हा माझ्यावर वाकला आणि वाट बघत राहिला. मित्रांनो, त्या क्षणी मी काय नाही दिलं असतं! एक टिकटिक, चेनची एक खळखळ, काहीही. आता त्याला ऐकू येत होतं आणि माझ्याजवळ आवाज नव्हता.

शेवटी त्यानं स्क्रू ड्रायव्हर पिशवीत ठेवला. जायला निघाला आणि थबकला. माझ्या टाकीच्या झाकणावर यंदाचं कुंकू होतं, नेमकं त्या भोकावर. टाकीत पेट्रोलचा थेंब नाही, पुन्हा कधी येणारही नाही. तरी त्यानं सदऱ्याच्या कॉलरला लावलेली टाचणी काढली, भोक नीट मोकळं केलं आणि लुंगीच्या मऊ तुकड्यानं झाकण पुसलं.

मित्रांनो, घरी जुनी गाडी असेल तर तिचं तेल मऊ कापडातून गाळा, जाळी काढून बघत जा, तिच्या ठकठकीला "असतंय तेवढं" म्हणू नका. आणि घरात एखादं म्हातारं माणूस तुमच्या प्रत्येक बोलण्यावर हसून मान हलवत असेल, तर तेवढ्यावर निघून जाऊ नका. त्याच्यासमोर जाऊन बसा आणि पुन्हा एकदा विचारा. माझ्या पीरसाबला त्या दिवशी कुणीतरी पुन्हा विचारायला हवं होतं.